व्याह्यांचे बोलावणे आणि टेकडीवरची मिस्सा

मुंबईच्या पूर्व उपनगरात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र, ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात असे:

माझ्या मुलाने तीन वर्षांपूर्वी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या, कॅथलिक कुटुंबातल्या मुलीशी लग्न केले. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी झाली आणि चर्चमध्येही छोटासा विधी झाला. सुनेशी आमचे उत्तम जमते. गेल्या वर्षी तिची आजी गेली. तिच्या वर्षदिनानिमित्त व्याह्यांनी नोव्हेंबरात टेकडीवरच्या एका रिट्रीट सेंटरच्या, म्हणजे ख्रिस्ती साधनाकेंद्राच्या, चॅपलमध्ये (छोट्या प्रार्थनागृहात) मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना, ठेवली आहे. शनिवारी दुपारी जायचे, मुक्काम करायचा, रविवारी सकाळी मिस्सा आणि मग जेवण, असे आम्हा सर्वांना आग्रहाचे बोलावणे आहे. माझे यजमान म्हणतात, ‘अंत्यविधीला गेलो होतो, तेवढे पुरे, आता मुक्कामाला बोलावणे म्हणजे हळूहळू ओढून घेणे आहे.’ सून पाच महिन्यांची गरोदर असल्याने हे बोलणे अलीकडे वाढले आहे. एरवी ते आध्यात्मिक वृत्तीचे आहेत, इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिरही करून आले आहेत. सासूबाई एकोणऐंशी वर्षांच्या. त्यांचे बालपण वांद्र्यात गेले, पण देवधर्म कडक आहे आणि गुडघे दुखतात. त्यांना हे पटणार नाही आणि झेपणारही नाही, म्हणून मी विषयच काढलेला नाही. सासूबाईंच्या तब्येतीचे कारण सांगून रविवारी मी एकटीने तासभर तोंड दाखवून यावे, असे मनात आहे. पण तिथे गुडघे टेकायचे का, प्रसाद दिला तर घ्यायचा का, हेही मला कळत नाही.

सप्रेम नमस्कार.

आमंत्रण तुम्हा सर्वांना आहे, पण त्याचे उत्तर मात्र तुम्ही एकटीने सगळ्यांच्या वतीने मनाशी ठरवून टाकले आहे, ही गोष्ट मला तुमच्या पत्रात सर्वात आधी जाणवली. सासूबाईंना पटणार नाही, असे तुम्ही त्यांना न विचारता धरून चालला आहात. व्याह्यांचा हेतू काय आहे, हे यजमानांनी व्याह्यांना न विचारता ठरवले आहे. आणि चॅपलमध्ये तुमच्याकडून काय अपेक्षित असेल, हे सुनेला सहज विचारता आले असते, ते तुम्ही मला विचारले आहे. या शेवटच्या गोष्टीबद्दल माझी तक्रार नाही, सदर त्यासाठीच असते. पहिल्या दोन गोष्टींवर मात्र थोडे थांबायला हवे.

वांद्र्यात वाढलेली, आज एकोणऐंशी वर्षांची असलेली मराठी बाई माउंट मेरीच्या टेकडीवर कधी चढलीच नसेल, अशी शक्यता मला फार थोडी वाटते. कोळी मंडळी जिला मोतमावली म्हणतात, तिच्या ८ सप्टेंबरच्या सणाला लागून आठवडाभर भरणारी जत्रा ही त्या भागातल्या सर्वच घरांच्या वर्षाचा भाग होती आणि अजूनही आहे. मेणाचे हात-पाय, मेणाचे घर, मेणाचे बाळ वाहून नवस फेडणाऱ्यांच्या रांगेत मंगळसूत्र घातलेल्या बायका कधीच कमी नसतात. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८पासून दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना, होते, तिथल्या गर्दीतही हेच चित्र दिसते. देवधर्म कडक असणे आणि दुसऱ्याच्या देवासमोर हात जोडणे या दोन गोष्टी त्या पिढीतल्या अनेक बायकांच्या मनात एकमेकींच्या आड येत नाहीत. तुमच्या सासूबाई तशा असतीलच, असे मी म्हणत नाही. त्या कदाचित स्पष्ट नकारही देतील. पण तो नकार त्यांचा असू द्या. शिवाय सुनेच्या आजीला त्या लग्नात भेटल्या असतील, शेजारी बसून बोलल्या असतील, आणि आपल्या वयाच्या बाईच्या वर्षदिनाला जावे असे त्यांना तुमच्यापेक्षा अधिक वाटण्याचा संभव आहे.

यजमानांच्या शंकेकडे वळताना मला त्यांची थट्टा करायची नाही, कारण त्या शंकेत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत आणि त्यातली एक खरी आहे.

पहिली गोष्ट ओढून घेण्याची. मिस्सेला बसल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढ माणसाला बाप्तिस्मा घ्यायचा असेल, तर त्याने स्वतः तशी इच्छा सांगावी लागते, दीक्षार्थी म्हणून बराच काळ शिक्षण घ्यावे लागते, आणि मग बहुधा ईस्टरच्या जागरणाच्या रात्री तो विधी होतो. १९८३च्या चर्चच्या कायद्यात, म्हणजे कॅनन लॉमध्ये, कोणावरही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध श्रद्धा लादू नये, असे ७४८व्या कलमात स्वच्छ म्हटले आहे. उपासनेच्या वेळी चर्चमध्ये प्रवेश मुक्त आणि विनामूल्य असावा, असे १२२१वे कलम सांगते. म्हणजे तुम्ही तिथे बसलात, तर कोणाच्या विशेष कृपेने बसलात असेही होत नाही आणि काही कबूल करून बसलात असेही होत नाही. इगतपुरीला दहा दिवस मौन पाळून आलेले गृहस्थ बौद्ध होऊन परतले नाहीत, हे त्यांना हळूच आठवण करून द्यायला हरकत नाही. मात्र ते चारचौघांत बोलू नका, नाही तर मुद्दा बरोबर असूनही उत्तर ‘येत नाही’ असेच मिळेल.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा, कारण ‘रिट्रीट’ या एका नावाखाली बरेच काही चालते. काही केंद्रांत शनिवार-रविवारी शेकडो लोकांसाठी प्रवचने, गाणी, मोठ्याने केलेली प्रार्थना, आजारातून बरे वाटल्याच्या साक्षी असा भरगच्च कार्यक्रम असतो. नवख्या माणसाला त्यात बावरल्यासारखे होऊ शकते. काही केंद्रे मात्र मौनाची असतात. ती परंपरा येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या संघाचे, संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्याकडून आली आहे. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत पायाला तोफगोळा लागून जायबंदी झालेल्या या स्पॅनिश सैनिकाने पुढे महिनाभराच्या मौनसाधनेचा जो क्रम बांधला, तोच आजही कधी तीस, कधी आठ, तर कधी दोनच दिवसांच्या रूपात पाळला जातो. मुंबईत जन्मलेले फादर अँथनी डिमेलो हे याच संघाचे. लोणावळ्याच्या त्यांच्या ‘साधना’ संस्थेत श्वासाकडे लक्ष देण्यासारख्या, तुमच्या यजमानांना ओळखीच्या वाटतील अशा गोष्टींना मोठे स्थान होते. तुमच्या व्याह्यांनी निवडलेले ठिकाण कोणत्या प्रकारचे आहे आणि त्या दोन दिवसांत तिथे इतर कोणाचे शिबिर आहे का, एवढे सुनेला विचारा. कौटुंबिक मिस्सेसाठी आलेल्यांनी शिबिराला बसायचे नसते, आणि कोणी सहज या म्हटलेच, तर ‘आम्ही बाहेर बसतो’ हे उत्तर तिथे कोणालाही खटकणार नाही.

यजमानांच्या शंकेतली दुसरी गोष्ट नातवंडाची, आणि ती खरी आहे. चॅपलवरचा राग हा मला पुष्कळसा त्या न जन्मलेल्या बाळाविषयीच्या काळजीचा वाटतो. कॅथलिक व्यक्तीने बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी चर्चच्या परवानगीने लग्न केले, तर मुलांचा बाप्तिस्मा व्हावा आणि ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी आपल्याकडून शक्य ते सर्व करीन, असे वचन तिला द्यावे लागते, आणि त्या वचनाची कल्पना जोडीदाराला दिलेली असावी लागते. ११२५वे कलम ते हेच. तुमच्या मुलाचा चर्चमध्ये विधी झाला आहे, त्याअर्थी हे त्याला तेव्हाच सांगितले गेले असणार. हे वचन सुनेचे आहे, तुमच्या मुलाने त्यावर काय ठरवले आहे हे तोच सांगू शकेल, आणि त्या दोघांनी कदाचित आपसांत काही ठरवलेही असेल. तेव्हा यजमानांनी हा प्रश्न मुलाला आणि सुनेला एकत्र बसवून, शांतपणे, आपल्या घरी विचारावा. उत्तर त्यांना आवडेल याची हमी मी देऊ शकत नाही. पण टेकडीवर न जाण्याने त्या उत्तरात तसूभरही फरक पडणार नाही. उलट, बाळ होण्याआधीच दोन्ही घरांत अबोला सुरू झाला, तर पुढे बारसे असो की बाप्तिस्मा, तुम्हाला विचारून काही करावे असे कोणाला वाटणार नाही.

सासूबाईंच्या तब्येतीचे खोटे कारण मात्र मनातून काढून टाका. एक तर नैतिकतेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ते टिकणार नाही: सुनेला कळले की तिच्या आजेसासूबाई आजारी आहेत, तर ती पाचव्या महिन्यातही फळे घेऊन दारात उभी राहील, आणि सासूबाई तिला स्वतः चहा करून देतील. दुसरे असे, की खोटे कारण एकदा चालले की पुढच्या प्रत्येक प्रसंगाला नवे शोधावे लागते, आणि लग्नाच्या नात्यात असे प्रसंग संपत नाहीत. यजमानांना खरोखरच यायचे नसेल, तर त्यांनी व्याह्यांना स्वतः फोन करावा, आजींबद्दल दोन शब्द बोलावेत आणि ‘मला मुक्कामाला जमणार नाही, बाकीचे येतील’ एवढेच सांगावे. कारण देण्याची सक्ती नाही.

तासभर तोंड दाखवून येण्याचा पर्यायही मला फारसा पटत नाही, जरी न जाण्यापेक्षा तो बरा असला. मिस्सेचा तास हा त्या दोन दिवसांतला सर्वात औपचारिक तास असेल आणि त्यात व्याह्यांशी तुमचे एक वाक्यही बोलणे होणार नाही. शनिवारी संध्याकाळी ती मंडळी बहुधा एकत्र बसून रोझरीची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना करतील, मग जेवण होईल, आणि मग आजींच्या गोष्टी निघतील: बाटली मसाला कुटायला त्या कशा बसवत, कोणाला कशावरून ओरडत. नाते तिथे तयार होते. म्हणून माझा कल मुक्कामाकडे आहे. सासूबाई येणार असतील आणि त्यांना परक्या ठिकाणी झोप लागत नसेल, तर रविवारी सकाळी लवकर निघा. पण तो निर्णय त्यांच्या झोपेवरून आणि गुडघ्यांवरून घ्या, धर्मावरून नको.

आता मिस्सेविषयी. आजींच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून केलेली ही सामुदायिक प्रार्थना आहे. मृतांसाठी जिवंतांची प्रार्थना उपयोगी पडते, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो आणि तो सबंध महिनाच त्या स्मरणाचा मानला जातो, त्यामुळे व्याह्यांनी निवडलेला काळही त्यांच्या दृष्टीने नेमका आहे. आपल्याकडच्या वर्षश्राद्धाला व्याही येऊन बसले, तर तुम्ही त्यांच्याकडून संकल्प सोडण्याची अपेक्षा करत नाही. ते आले, बसले, जेवले, यात तुम्हाला सर्व मिळालेले असते. इथे तुमची जागा तीच आहे.

बसायला मधल्या किंवा मागच्या बाकांवर जा, म्हणजे पुढचे लोक काय करतात ते दिसते. सगळे उभे राहिले की उभे राहावे, बसले की बसावे, हे शिष्टाचार म्हणून योग्य. गुडघे टेकणे तुमच्यासाठी आवश्यक नाही. त्या वेळी शांत बसून राहिले तरी चालते, आणि सासूबाईंनी तर मिस्साभर बसूनच राहावे, तिथल्या वृद्ध बायकाही तेच करतात. दाराशी पवित्र पाण्याचे भांडे असेल, त्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करायची तुम्हाला गरज नाही. मध्येच एकमेकांना शांती देण्याचा क्षण येतो, तेव्हा शेजारचा माणूस तुमच्याकडे वळून हात जोडेल, तुम्हीही जोडा. भारतातल्या धर्मप्रांतांना १९६९ साली रोमकडून उपासनेत काही देशी रीती आणायची संमती मिळाली, त्यात हात जोडणे, पादत्राणे बाहेर काढणे, जमिनीवर बसणे, आरती या गोष्टी होत्या. काही रिट्रीट सेंटरांच्या चॅपलमध्ये म्हणूनच तुम्हाला समई आणि चटया दिसतील आणि चपला दाराबाहेर. दाराशी चपलांची रांग दिसली तर आपल्याही काढाव्यात, नसेल तर पायातच राहू द्याव्यात.

तुमचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न प्रसादाचा. मिस्सेच्या उत्तरार्धात लोक रांगेने वेदीपाशी जातात आणि फादर प्रत्येकाला एक पातळ, गोल, पांढरी चकती देतात. आपल्याकडे कोणी प्रसाद पुढे केला तर नाकारू नये, उजव्या हाताने घ्यावा, थोडा घरच्यांसाठी बांधून न्यावा, असे वळण आपल्या हाताला लहानपणापासून लागलेले असते, आणि नेमके तेच वळण इथे उपयोगाचे नाही. कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार ती अभिषिक्त भाकर साक्षात ख्रिस्ताचे शरीर असते; ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांनीच, मनाची तयारी करून, तिथल्या तिथे ग्रहण करायची असते. म्हणून तुम्ही रांगेत जाऊ नये, जागेवर बसून राहावे. तुमच्या न घेण्याने कोणाचा अपमान होत नाही. न कळता घेऊन ती पर्समध्ये ठेवली, तर मात्र तिथल्या माणसांना फार लागते. सासूबाईंना हे आदल्या दिवशीच नीट समजावून सांगा, कारण सगळे उठून चालू लागले की त्याही सवयीने उठतील. आशीर्वाद मात्र ख्रिस्ती नसलेल्यांनाही देता येतो. सासूबाईंना तशी इच्छा असेल, तर मिस्सा संपल्यावर फादरांना सांगा, ते त्यांच्या बाकापाशी येऊन डोक्यावर हात ठेवतील.

चॅपल मिस्सेच्या वेळेखेरीजही उघडे असते आणि तिथे कायम एक लहान दिवा तेवत असतो. वेदीजवळच्या पेटीत तीच अभिषिक्त भाकर ठेवलेली असते, म्हणून कोणी नसतानाही तिथे मोठ्याने बोलत नाहीत, फोनवर तर नाहीच. फोटो काढायचे असतील तर विचारून, आणि बाहेरच्या आवारात. कित्येक ठिकाणी टेकडीच्या वाटेवर ख्रिस्ताच्या शेवटच्या प्रवासाची चौदा स्थाने दाखवलेली असतात. तिला क्रूसाची वाट म्हणतात आणि संध्याकाळी तिथे संथ फिरता येते; यजमान आले, तर त्यांना ती वाट चॅपलपेक्षा अधिक आवडेल, असा माझा अंदाज आहे.

पैशांबाबत संकोच नको. मिस्सेची दक्षिणा व्याही आधीच देऊन ठेवतात. मध्ये थैली फिरली तर इच्छेप्रमाणे टाकावे, न टाकले तरी कोणी पाहत नाही. आजींसाठी फुले आणि मेणबत्त्या न्या, घरचा एखादा गोड पदार्थ न्या. ती फुले ठेवायची कुठे, हे सुनेला ठरवू द्या.

राहिला टेकडीचा प्रश्न, आणि सासूबाईंच्या बाबतीत खरी अडचण हीच आहे. गाडी चॅपलच्या दारापर्यंत जाते का, की शेवटचा टप्पा पायऱ्यांचा आहे. पायऱ्यांना कठडा आहे का. निवासाची खोली तळमजल्यावर मिळेल का. कमोड आहे का: हे चार प्रश्न आमंत्रणामागच्या हेतूपेक्षा जास्त निकडीचे आहेत. या केंद्रांतल्या खोल्या साध्या असतात, पलंग, पंखा, टेबल, बहुतेक ठिकाणी टीव्ही नाही. जेवण ठरलेल्या वेळी घंटा वाजली की मिळते आणि ते आपल्या घरच्यापेक्षा लवकर असते. त्यामुळे सासूबाईंची औषधे, रात्री लागणारे दूध किंवा बिस्किटे बरोबर ठेवा. शाकाहारी जेवण किती जणांना हवे, हे आधी कळवा. ईस्ट इंडियन घरच्या रविवारच्या जेवणात फुगे, म्हणजे तळलेले छोटे गोल पाव, आणि मांसाचे पदार्थ असणारच, आणि ऐनवेळी विहीणबाईंना तुमच्यासाठी वेगळी भाजी शोधायला लावणे बरे नाही. तो रविवार एकादशीचा नाही ना, तेही पंचांगात पाहून घ्या.

अशा केंद्रांत खोल्या मोजक्या असतात आणि त्यांची नोंद बरीच आधी करावी लागते. म्हणून आज रात्री जेवणानंतर सासूबाईंना विचारा, यजमान समोर असले तरी चालेल, आणि त्यांचे जे उत्तर असेल ते घेऊन या आठवड्यातच विहीणबाईंना फोन करा: कितीजण येतोय, कितीजण राहतोय, आणि तळमजल्याची खोली हवी आहे की नाही.